दाणे नाचवायचे असतील तर: उभ्या कंपनाच्या प्रयोगाची पहिल्यापासून तयारी

चिवड्याचा डबा चार दिवस घरात फिरला की वर नुसते पोहे राहतात. दाणे, डाळं आणि तिखट-मीठ तळाशी जातं. पूर्वी धान्य मापाने मिळायचं, तेव्हा विकणारा पायली हलक्या हाताने भरायचा आणि घेणारा म्हणायचा, "जरा हलवा की." हलवलं की धान्य खाली बसायचं आणि वर आणखी मूठभर मावायचं. यामागचं भौतिकशास्त्र आपल्या स्वयंपाकघरात रोज घडतं, पण ते मुद्दाम करून बघायला गेलं की माणूस हमखास अडकतो.

मी अडकलो एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला. दोन महिने, एक जळालेला स्पीकर आणि दोन किलो नाचणी खर्ची पडल्यावर कळलं की माझ्या चुका धान्यात नव्हत्याच, ताटलीत होत्या. त्यानंतर विज्ञान प्रदर्शनासाठी आलेल्या बऱ्याच मुलांना हा प्रयोग उभा करून दिला. प्रत्येक जण त्याच चार खड्ड्यांत पडतो, म्हणून हे सगळं लिहून ठेवतो आहे.

१. स्पीकर विकत घ्यायच्या आधी बरणी हलवा

एक उभी, सरळ कडांची काचेची बरणी घ्या. तळाशी एक सुपारी ठेवा आणि वरून राजगिरा ओता, बरणी अर्ध्याच्या वर भरेपर्यंत. आता बरणी टेबलावर ठेवलेल्या जाड पुस्तकावर उभी धरून हलके हलके आपटा. आडवी हलवू नका, फक्त वर-खाली. थोड्या वेळाने सुपारी डोकं वर काढेल. मोठा दाणा वर येण्याच्या या प्रकाराला जगभर 'ब्राझील नट परिणाम' म्हणतात, कारण परदेशात सुक्या मेव्याच्या डब्यात ब्राझील नट हे मोठे दाणे वर आलेले दिसतात.

मुलांना उत्तर पाठ असतं: सुपारी उचलली गेली की खालच्या फटीत बारीक दाणे घुसतात, मग तिला परत खाली जायला जागा राहत नाही. हे खरं आहे, पण अर्धं. १९९३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या गटाने काचेच्या मण्यांचा एक थर रंगवून बघितला, तेव्हा दिसलं की भांड्यातले सगळेच दाणे फिरत असतात. मधून वर येतात आणि भिंतीलगतच्या पातळ पट्ट्यातून खाली जातात. मोठा दाणा मधल्या प्रवाहाबरोबर वर येतो, पण भिंतीजवळच्या अरुंद पट्ट्यात मावत नाही, म्हणून वरच अडकून बसतो.

हे तुम्हालाही दिसेल. थोडा राजगिरा खाण्याच्या रंगात बुडवून पूर्ण वाळवा आणि बरणीच्या मध्यावर त्याचा बोटभर थर द्या. आपटत गेलात की थराच्या कडा काचेलगत खाली ओघळताना दिसतात. रंगीत थरासाठी नाचणी आणि बाकी राजगिरा असं मात्र करू नका. दाण्यांचा आकार वेगळा पडला की थर कशामुळे हलला हे सांगता येत नाही.

इथे पहिला सापळा आहे. बरेच जण बरणीऐवजी वर रुंद होत जाणारा पेला घेतात. कडा पुरेशा तिरक्या असतील तर प्रवाह उलटा फिरतो: दाणे भिंतीलगत वर चढतात आणि मधून खाली जातात. मग सुपारी वर येत नाही आणि मुलं रडवेली होतात. प्रयोग फसलेला नसतो, उलट त्यांच्या हाती जास्त चांगला प्रयोग लागलेला असतो. दोन्ही भांडी शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

आणि चिवड्याचं काय, तिथे तर दाणे खाली जातात? पोह्याची पाकळी मोठी, हलकी आणि चपटी, दाणा लहान आणि जड. आकार, घनता, भांडं, हलवण्याचा जोर, हवा, सगळ्याचा हिशेब लागतो. योग्य घनता आणि आकार निवडले तर मोठे दाणे खाली आणि लहान वर असा उलटा प्रकारही घडायला हवा, असं भाकीत २००१ मध्ये केलं गेलं होतं. म्हणून "मोठं नेहमी वर येतं" हे वाक्य तक्त्यावर लिहू नका. परीक्षक तिथेच पकडतात.

२. सामानाची यादी

बरणीचा प्रयोग जमला आणि तरी खाज शिल्लक असेल तर पुढे वाचा. आता सतत, मोजून-मापून कंपन द्यायचं आहे.

- ८ किंवा १० इंची वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर. जुना चालेल, पण कोन, म्हणजे त्याचा हलणारा पडदा, फाटलेला नको.
- त्याला पेलेल असा छोटा अॅम्प्लिफायर बोर्ड आणि त्याचा पॉवर सप्लाय.
- सिग्नलसाठी मोबाइल आणि ध्वनी-जनित्राचं कुठलंही अॅप. जोडणी वायरने करा, ब्लूटूथने नको.
- सपाट तळाची, कडक, हलकी ताटली, साधारण १५ सेंटिमीटर व्यासाची. मी अॅल्युमिनियमची केक-भांडी वापरतो.
- दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, इपॉक्सी, गोल स्पिरिट लेव्हल.
- दुसऱ्या एखाद्या मेलेल्या स्पीकरची स्पायडर, म्हणजे कोनाखालची ती पिवळी नागमोडी जाळी.
- नाचणी किंवा राजगिरा अर्धा किलो. ऐपत असेल तर सँडब्लास्टिंगला लागणारे काचेचे मणी.
- टॉर्च आणि स्लो-मोशन व्हिडिओ घेणारा फोन.

स्पीकर आणि बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळतात. दुकानदाराला "साउंड चांगला" नको आहे हे आधीच सांगा. "कोन जास्त हलणारा द्या" म्हटलं की तो नीट बघून देतो.

धान्याबद्दल: रवा नको, कण वेडेवाकडे असतात. साबुदाणा एकमेकांना चिकटतो. खसखस छान नाचते, पण भाव बघा. नाचणी गोल आहे, स्वस्त आहे आणि तिचा रंग व्हिडिओत उठून दिसतो. माझं मत नाचणीला.

३. ताटली बसवणं

पुढची सगळी गंमत किंवा सगळा मनस्ताप याच पायरीवर ठरतो, त्यामुळे इथे घाई नको.

स्पीकर आकाशाकडे तोंड करून जड लाकडी चौकटीत घट्ट बसवा. चौकट हलकी असेल तर ताटलीऐवजी टेबलच नाचतं. मी चौकटीवर दोन विटा ठेवतो. पाइपचा तुकडा कोनाच्या मधोमध चिकटवायचा, पण मधल्या घुमटीवर नाही. घुमटी मऊ असते, दबते. तिच्या बाहेरच्या कडेला, जिथे खाली व्हॉइस कॉइलची, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीची, नळी जोडलेली असते, तिथे पाइपची कड बसली पाहिजे. इपॉक्सी चोवीस तास सुकू द्या. ताटली पाइपच्या वरच्या टोकाला चिकटवा.

आता स्पायडर. नुसत्या पाइपवर ताटली ठेवली तर ती वर-खाली जाताना डोलते, कारण स्पीकर उभं वजन पेलायला बनवलेलाच नसतो. पाइपच्या वरच्या भागाभोवती दुसरी स्पायडर चिकटवून तिची बाहेरची कड चौकटीला जोडली की पाइपला दोन ठिकाणी आधार मिळतो आणि डोलणं जवळजवळ थांबतं. ही एक गोष्ट मला कोणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर महिना वाचला असता. माझे दाणे कायम एका बाजूला गोळा व्हायचे आणि मी त्यावर 'समूह-वर्तन' असा चार पानी मजकूर लिहून मोकळा झालो होतो. सरांनी ताटलीला बोट लावून बघितलं, हसले आणि चहा प्यायला गेले.

ताटली कडक हवी याचंही कारण सांगतो. पातळ पत्रा घेतला तर तो स्वतःच वेगवेगळ्या ठिकाणी कमी-जास्त थरथरतो आणि वाळू न हलणाऱ्या रेषांवर जमते. दिसायला सुंदर, पण त्या क्लाड्नी नावाच्या शास्त्रज्ञाच्या आकृत्या. त्या अठराव्या शतकापासून माहीत आहेत आणि त्या पत्र्याबद्दल सांगतात, दाण्यांबद्दल नाही. आपल्याला ताटलीचा प्रत्येक बिंदू एकसारखा वर-खाली जायला हवा. प्रदर्शनात दहापैकी सात जण या दोन्हींची गल्लत करतात.

४. समतल करणं

ताटलीत नाचणी घालण्यापूर्वी स्पिरिट लेव्हल ठेवा. नाचणी घातल्यावर पुन्हा बघा, कारण वजनाने कोन खाली बसतो आणि कधी तिरका बसतो. चौकटीखाली कागदाच्या घड्या सारून जुळवा. थर सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे सहा-सात दाणे उंच. पातळ थरात दाणे सुटे उडतात, फार जाड थरात स्पीकर दमतो.

५. जोर म्हणजे नेमकं काय, ते मोजा

मुलं अॅम्प्लिफायरचा नॉब फिरवतात आणि वहीत लिहितात, "व्हॉल्यूम ६." याला काही अर्थ नाही. दाण्यांना एकच गोष्ट आधी कळते: ताटलीचं सर्वाधिक त्वरण गुरुत्वत्वरणाच्या किती पट आहे. या पटीला गॅमा म्हणतात. गॅमा १ पेक्षा कमी असेल तर थर ताटलीला चिकटूनच वर-खाली होतो. १ ओलांडला की प्रत्येक फेरीत ताटली खाली जाताना थर काही क्षण हवेत सुटतो आणि मग परत आपटतो.

सूत्र आहे चार गुणिले पायचा वर्ग, गुणिले वारंवारतेचा वर्ग, गुणिले आयाम, भागिले गुरुत्वत्वरण. रोजच्या वापरासाठी मी त्याचं असं करून ठेवलं आहे: मिलिमीटरमधला आयाम गुणिले हर्ट्झचा वर्ग, भागिले २५०. २५ हर्ट्झला १ मिलिमीटर आयाम म्हणजे गॅमा २.५, झालं. ५० हर्ट्झला गॅमा १ गाठायला फक्त ०.१ मिलिमीटर पुरतो. म्हणजे वारंवारता वाढवली की डोळ्यांना ताटली हलतानाही दिसत नाही, पण दाणे उडत असतात.

आयाम म्हणजे मधल्या जागेपासून वरपर्यंतचं अंतर, वरपासून खालपर्यंतचं नव्हे. ही चूक केली की सगळे आकडे दुप्पट येतात.

पण १ मिलिमीटर मोजायचा कसा? सेन्सर असेल तर छान, नाहीतर कागद पुरतो. पांढऱ्या कागदावर आडवा, निमुळता, काळा त्रिकोण काढा: लांबी ५० मिलिमीटर, एका टोकाला उंची ५, दुसऱ्या टोकाला शून्य. तो ताटलीच्या बाहेरच्या कडेला चिकटवा. कंपन सुरू झालं की डोळ्याला दोन त्रिकोण दिसतात, एक वरच्या टोकाचा आणि एक खालच्या, कारण तिथे ताटली क्षणभर थबकते. ते दोन जिथे एकमेकांना छेदतात तिथे त्रिकोणाची उंची ताटलीच्या वरपासून खालपर्यंतच्या प्रवासाइतकी असते. टोकापासून दर मिलिमीटरला प्रवास ०.१ मिलिमीटर. २५ हर्ट्झ आणि गॅमा २.५ हवा असेल तर छेद टोकापासून २० मिलिमीटरवर यायला हवा. तिथे आधीच एक लाल रेघ मारून ठेवा.

सेन्सर वापरणाऱ्यांसाठी इशारा: एमपीयू ६०५० हा त्वरण मोजणारा स्वस्त सेन्सर सुरू होताना उणे २ ते अधिक २ जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) एवढंच मोजायच्या स्थितीत असतो. गॅमा २.५ ला त्याच्यावर गुरुत्वासह ३.५ जीपर्यंत भार येतो, म्हणून आलेख वरून सपाट कापलेला दिसतो आणि आकडा २ च्या पुढे जातच नाही. प्रोग्राममध्ये मर्यादा १६ जी करा.

६. आता हळूहळू वाढवा

वारंवारता २५ हर्ट्झवर ठेवा आणि फक्त आवाज वाढवत जा. नॉब दर वेळी केसभर फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा.

गॅमा १ च्या आत: वरून काहीच घडत नाही. १ च्या थोडं पुढे: पृष्ठभाग सैल पडतो, उकळी फुटण्याआधीच्या दुधासारखा. एका बाजूला ढीग होऊ लागला तर थांबा आणि समतल तपासा.

२.५ च्या आसपास खरी मजा आहे. थर आपटून पसरतो, पुन्हा उडतो आणि बघता बघता पट्टे किंवा चौकोन उभे राहतात. कमी वारंवारतेला सहसा चौकोन, जास्तीला पट्टे. साध्या डोळ्यांना ते स्थिर वाटतात. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमने चित्रीकरण करा आणि एकाच जागेवर बोट ठेवून बघा. या फेरीत तिथे उंचवटा असेल तर पुढच्या फेरीत तिथे खड्डा, त्याच्या पुढच्या फेरीत परत उंचवटा. म्हणजे ताटलीच्या दोन फेऱ्यांत नक्षीची एक फेरी होते. द्रवाच्या पृष्ठभागावर असंच अर्ध्या वारंवारतेचं वर्तन मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये नोंदवलं होतं; वाळूसारख्या कोरड्या गोष्टीत ते दिसावं याचं मला अजून नवल वाटतं.

चित्रीकरण ट्यूबलाइटखाली करू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि व्हिडिओत पट्टे येतात जे नाचणीचे नसतात. टॉर्च आडवा धरा, सावल्या लांब पडतात आणि नक्षी उठून दिसते.

नक्षी आली की जोर हळूच कमी करून बघा. ज्या आकड्याला ती उगवली त्याच आकड्याला ती मावळत नाही, थोडी खालपर्यंत टिकते. या दोन आकड्यांच्या मधल्या टप्प्यात अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात पॉल उंबनहावर, फ्रान्सिस्को मेलो आणि हॅरी स्विनी यांना १९९६ मध्ये 'ऑसिलॉन' सापडले: सपाट थरात एकटाच उभा राहणारा, एका फेरीत शिखर आणि पुढच्या फेरीत खड्डा होणारा एक बिंदू. विरुद्ध फेरीतले दोन जवळ आले तर एकमेकांना ओढतात. त्यांनी मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढे ब्राँझचे गोळे वापरले होते आणि भांड्यातली हवा काढून टाकली होती. नाचणी, वूफर आणि उघडी ताटली घेऊन ऑसिलॉन दाखवू, असं वचन प्रदर्शनात कोणालाही देऊ नका. पट्टे-चौकोन मिळाले तरी तुम्ही चांगलंच काम केलं आहे.

जोर आणखी वाढवत नेला तर गॅमा ४ च्या सुमारास षटकोन दिसण्याची शक्यता असते, पण त्या आधी बहुतेक स्पीकर कण्हायला लागतो. आवाज फाटला म्हणजे अॅम्प्लिफायर लहरीचे माथे कापतो आहे; ताटलीला गुळगुळीत झोके न मिळता धक्के बसतात आणि शिवाय व्हॉइस कॉइल तापते. वास आला की उशीर झालेला असतो. माझा पहिला वूफर असाच गेला, मित्राला हौसेने दाखवताना. पाच मिनिटं चालवा, पाच मिनिटं विश्रांती द्या.

७. हवा, ओल आणि वीज

एकदा नाचणीऐवजी रांगोळी घालून बघा. नक्षी येत नाही; छोटे छोटे डोंगर उभे राहतात, त्यांच्या उतारावरून भुकटी घरंगळते आणि आतून परत वर येते. दाणे जितके बारीक, तितका हवेचा हात मोठा. थर उचलला गेला की खाली हवेचा दाब घटतो आणि भुकटी आत ओढली जाते. फॅरडेच्या त्याच १८३१ च्या लेखात हवेची ही भूमिका आहे, आणि हवा काढून टाकली की असे ढीग मावळतात हे १९९०च्या दशकात दाखवलं गेलं. दाण्यांचा आकार मिलिमीटरच्या वर असेल तर हवेचा उपद्रव बराच कमी होतो, नाचणी घ्यायचं हेही एक कारण.

पावसाळ्यात प्रयोग करणार असाल तर धान्य कढईत मंद आचेवर कोरडं करून, पूर्ण गार करून घ्या. लाही फुटू देऊ नका. राजगिरा वापरत असाल तर जास्तच सांभाळा, त्याची क्षणात लाही होते. उलट थंडीच्या कोरड्या दिवसांत दाणे घासून त्यांच्यात स्थिर वीज साठते आणि प्लॅस्टिकच्या कडांना ते चिकटून बसतात. म्हणून धातूची ताटली. तरी चिकटलेच तर ताटलीला वायर लावून अर्थिंग द्या.

८. वेळ उरला तर: लबाड डबा

याला स्पीकर पुरत नाही, हाताने हलवावं लागतं. उभा पारदर्शक डबा, मधोमध पुठ्ठ्याची भिंत, भिंतीत दोनेक इंच उंचीवर एक फट. दोन्ही कप्प्यांत सारखे मणी. जोरात हलवलं तर मणी दोन्हीकडे सारखे राहतात. जोर कमी करत आणला की एका क्षणी सगळे एकाच कप्प्यात गोळा होऊ लागतात. ज्या बाजूला चुकून चार मणी जास्त, तिथे टकरी जास्त. प्रत्येक टकरीत थोडी ऊर्जा वाया जाते, त्यामुळे तिथले मणी मंदावतात आणि फटीपर्यंत उडी मारू शकत नाहीत. दुसरीकडचे मात्र उडत उडत येऊन त्यांच्यात सामील होतात. वायूचे रेणू असं कधी करणार नाहीत. मुलांना हा प्रयोग सगळ्यांत जास्त आवडतो आणि खर्च पन्नास रुपयांच्या आत.

९. प्रदर्शनाला नेताना

स्पीकरच्या कोनावर पातळ कापड ताणून बांधा. एक नाचणीचा दाणा व्हॉइस कॉइलच्या फटीत गेला की खरखर सुरू होते आणि तो काढता येत नाही. तिथलं टेबल डुगडुगतं असणार हे गृहीत धरा. शाळेच्या बाकावर तर काहीच जमत नाही. जमिनीवर मांडा आणि बघणाऱ्यांना बसायला सांगा. स्पिरिट लेव्हल, कागदाच्या घड्या आणि सुटी इपॉक्सी पिशवीत ठेवा. धान्य दोन पाकिटं न्या, कारण पहिलं कोणीतरी सांडतंच. आणि ते धान्य परत घरच्या डब्यात ओतू नका, त्यात ताटलीचा चुरा मिसळलेला असतो. माझ्या आईला हे भाकरी थापताना कळलं होतं.